सातांचा निकाल, तिघांचे वाक्य

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मी मुद्दाम एकत्र ठेवली. चौघांचे विषय वेगळे आहेत, पण अडकले आहेत सगळे एकाच ठिकाणी: न्यायाधीशांचे आपापसांत एकमत नसेल, तर पुढच्या खटल्यात मानायचे काय?

प्रश्न : ताई, आमची चाळ गिरगावात, शंभर वर्षांची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी). नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 'खासगी मालमत्ता सरकारला घेता येणार नाही' असा निकाल दिला, म्हणजे म्हाडाने इमारत घेऊन भाडेकरूंच्या सोसायटीला देण्याचा मार्ग संपला, असे चाळीत बोलले जाते. माझा पुतण्या म्हणतो, त्या निकालात तीन वेगवेगळी मते आहेत आणि एक तर चक्क उलट आहे. आम्ही कोणते धरून चालायचे? — एक भाडेकरू, गिरगाव

उत्तर : तुमच्या पुतण्याने निकाल उघडून तरी पाहिला, त्याला माझा नमस्कार सांगा. मते तीनच आहेत. पण ती तीन मते का आली हे कळण्यासाठी मला तुम्हाला ४७ वर्षे मागे, कर्नाटकातल्या बसगाड्यांपर्यंत न्यावे लागेल. तुमच्या चाळीचे भांडण तिथे सुरू होते.

कर्नाटक सरकारने १९७६ साली कंत्राटी बसगाड्या ताब्यात घेण्याचा कायदा केला. मालक न्यायालयात गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीशांपुढे निकाल लागला, तो रंगनाथ रेड्डी खटला. सातही जण म्हणाले, कायदा वैध. निकाल एकमताचा, पण निकालपत्रे दोन. चौघांच्या वतीने न्या. उंटवालिया यांनी लिहिले, तिघांच्या वतीने न्या. कृष्णा अय्यर यांनी. घटनेच्या ३९(ब) मध्ये 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' असे शब्द आहेत. राज्याने तिची वाटणी सर्वांच्या हिताची होईल असे धोरण ठेवावे, असे ते कलम सांगते. कृष्णा अय्यर यांनी लिहिले की खाजगी मालकीची संपत्तीही यात येते. आणि उंटवालिया यांनी काय केले? त्यांनी स्पष्ट नोंद केली की या मुद्द्यावर मत देण्याची आम्हाला गरज वाटत नाही, आणि आमच्या सहकाऱ्यांनी याबाबत जे लिहिले आहे ते सगळे आम्हाला मान्य आहे असे कोणी समजू नये.

हे चाळीच्या भाषेत सांगते. सात जणांच्या कमिटीने टाकी बदलायचा ठराव केला. चौघे म्हणाले, 'टाकी गळते म्हणून बदला. खर्च कोणाचा, ते आज ठरवत नाही.' तिघे म्हणाले, 'बदला, आणि असला प्रत्येक खर्च मालकाचाच.' ठराव सातांचा झाला हे खरे. पण पाच वर्षांनी वहीचे ते पान दाखवून कोणी म्हणू लागला की 'खर्च मालकाचा हे सात जणांनी ठरवले आहे', तर त्याला थांबवायला नको का?

न्यायालयात नेमके हेच झाले आणि कोणी थांबवले नाही. १९८२ च्या अखेरीस संजीव कोक खटल्यात पाच न्यायाधीशांनी कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा उचलून धरला आणि आधार घेतला तो कृष्णा अय्यर यांच्या, म्हणजे तिघांच्या मताचा. पुढे मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात, जो मुळात कराच्या परताव्याचा होता, नऊ न्यायाधीशांच्या पीठातल्या बहुमताच्या निकालपत्रात तोच अर्थ एका ओळीत येऊन गेला. तिघांचे वाक्य आधी पाचांच्या आणि मग नऊंच्या खांद्यावर बसून फिरू लागले.

मी स्वतः त्या वाक्याच्या आधाराने उभी राहिलेली आहे. १९८८ साल, माझ्या वकिलीचे तिसरे वर्ष. जमीन संपादनाच्या एका प्रकरणात मी कुळांच्या बाजूने होते. कृष्णा अय्यर यांचा तो परिच्छेद मी रात्री तीनदा वाचला होता. त्यांची भाषा अशी की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. उच्च न्यायालयात मी तो वाचला. न्यायमूर्तींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "हे मत कोणाचे, आणि त्यांच्याबरोबर किती जण?" मला सांगता आले नाही. त्यांनी शिरस्तेदारांकडून तो खंड माझ्या हातात देववला आणि उंटवालियांच्या निकालपत्राचा शेवट मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला. कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर ती कुळे बसली होती, त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण माझा आवाज उतरलेला त्यांना कळला असणार.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या सीनियरांनी संजीव कोकचे पान काढून दिले. पाचांचे पीठ आहे, हे उच्च न्यायालयावर बंधनकारक आहे, यावर उभी राहा, म्हणाले. आणि वर एक वाक्य जोडले: "पण लक्षात ठेव, खालची वीट तिघांचीच आहे." दुपारी मी उभी राहिले, न्यायमूर्तींनी ते मान्य केले. त्या संध्याकाळपासून प्रत्येक निकालपत्राच्या समासात, कोणत्या परिच्छेदामागे कोण कोण उभे आहे, त्यांची आद्याक्षरे पेन्सिलीने लिहायची सवय मला लागली, ती आजतागायत आहे.

आता तुमची चाळ. म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ हे प्रकरण घातले गेले. उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर इमारत संपादन करून त्यांना देता येईल आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळेल, अशी ती तरतूद. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तरतूद वैध ठरवली. मालक १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे ३९(ब) चा जुना पेच पुन्हा समोर आला. प्रकरण १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांकडे, २००१ मध्ये सातांकडे, २००२ मध्ये नऊंकडे गेले. मग बावीस वर्षे तसेच. या काळात किती चाळींना टेकू लागले आणि किती पडल्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सात जणांच्या वतीने सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिले, न्या. नागरत्ना यांनी अंशतः सहमत होत स्वतंत्र लिहिले आणि न्या. धुलिया यांनी भिन्न मत दिले. सातांनी पहिल्यांदा बसगाड्यांच्या निकालातली डोकी मोजली. कृष्णा अय्यर यांचे मत अल्पमत होते, चौघांनी त्यापासून स्वतःला वेगळे केले होते, म्हणून संजीव कोकमध्ये त्यावर विसंबणे चूक होते, असे त्यांनी सांगितले. मफतलालमधली ती ओळही त्या खटल्याच्या निर्णयाचा भाग नव्हती, जाता जाता लिहिलेली होती. म्हणजे माझ्या सीनियरांनी सांगितलेली ती वीट ३६ वर्षांनी काढली गेली.

तुमच्या वहीत हे असे लिहा. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही 'समाजाची साधनसंपत्ती' ठरत नाही, हे सातांचे मत, आणि तेच बंधनकारक. पण 'खाजगी मालमत्ता कधीच येत नाही' असे सातांनीही म्हटलेले नाही. काही मालमत्ता येऊ शकते. ती कशा प्रकारची आहे, तिचा समाजाच्या भल्याशी संबंध काय, ती दुर्मिळ आहे का, मोजक्या खाजगी हातांत एकवटली तर परिणाम काय, हे बघून ठरवायचे. न्या. नागरत्ना यांनी माणसाच्या खास वापराच्या वस्तू बाजूला काढून बाकीच्यांसाठी दार बरेच मोठे ठेवले. न्या. धुलिया कृष्णा अय्यर यांच्या अर्थाशी ठाम राहिले. ही दोन मते वाचा, आवडली तर जपा, पण अर्जात 'सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे' असे म्हणून ती लिहू नका.

आणि चाळीतल्या निम्म्या लोकांना सांगायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट: त्या नऊ जणांनी घटनेच्या अर्थाचे प्रश्न सोडवले. आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हे त्या निकालाने ठरवलेले नाही. 'रस्ता बंद' हे वाक्य त्यात कुठेच नाही. कोणी बिल्डरचा माणूस तो निकाल दाखवून सह्या मागत असेल, तर त्याला तो परिच्छेद बोट ठेवून दाखवायला सांगा.

माझे मन कुठे आहे हे लपवत नाही. शंभर पट भाडे म्हणजे मालकाच्या हातात किती पडते ते मला माहीत आहे आणि चाळीच्या जिन्यातून म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून उतरवताना मी हातही लावला आहे. कृष्णा अय्यर बरोबर होते असे मला आजही वाटते. पण ते तिघे होते. तिघांच्या मताला सातांचे मत म्हणून चाळीस वर्षे चालवले, त्याचे नुकसान शेवटी भाडेकरूंनाच झाले. आधार पक्का आहे या भरवशावर दुसरा आधार कोणी शोधलाच नाही.

प्रश्न : मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षात आहे. केशवानंद भारती निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला हे पाठ आहे. पण आमचे सर म्हणाले की त्या सातांतले न्या. खन्ना उरलेल्या सहांशी सहमत नव्हते. मग ते बहुमत कसे? आणि अमेरिकेत यासाठी 'मार्क्स नियम' आहे म्हणतात, तो आपल्याकडे लागू होतो का? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या सरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले.

माझ्या सीनियरांकडे १९७३ चा तो खंड होता, पुठ्ठा सुटलेला, कापडी पट्टीने बांधलेला. तेरा न्यायाधीश, अकरा निकालपत्रे, ६८ दिवसांची सुनावणी, आणि मुख्य प्रश्न हा: संसदेला घटना हवी तशी दुरुस्त करता येते का? सीनियरांनी त्यावर दोन पेन्सिली चालवल्या होत्या. सरन्यायाधीश सिक्री, शेलत, ग्रोव्हर, हेगडे, मुखर्जी आणि जगनमोहन रेड्डी या सहांनी घटनादुरुस्तीच्या अधिकारावर मर्यादा आहेत असे म्हटले, त्यांना लाल रेघ. रे, पालेकर, मॅथ्यू, बेग, द्विवेदी आणि यशवंतराव चंद्रचूड या सहांनी तशी मर्यादा नाकारली, त्यांना निळी. आणि खन्नांच्या पानांवर एका समासात लाल, दुसऱ्या समासात निळी. मी पहिल्यांदा ते पान पाहिले तेव्हा मला वाटले, सीनियरांचा गोंधळ झाला असावा. गोंधळ नव्हता, तेच त्या निकालाचे खरे चित्र होते.

खन्ना निळ्यांबरोबर इथपर्यंत गेले: दुरुस्तीचा अधिकार फार मोठा आहे, मूलभूत हक्कही त्याच्या बाहेर नाहीत, मालमत्तेचा हक्क तर मूलभूत चौकटीचा भाग नाहीच. आणि लाल बाजूकडे इथे वळले: पण 'दुरुस्ती' म्हणताना जुनी घटना ओळखू येईल इतकी उरली पाहिजे, तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. लाल सहा याहून पुढे गेले होते. त्यांच्या पुढच्या पावलांना सातवा माणूस मिळाला नाही. म्हणून कायदा ठरला तो सात जणांच्या वाटा जिथवर एकत्र गेल्या तिथवरचाच: संसद घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, मूलभूत चौकट बदलू शकत नाही.

२४ एप्रिल १९७३ ला निकालपत्रांबरोबर 'बहुमताचे मत' म्हणून एक छोटा सारांश सहीला ठेवला गेला. तेरापैकी नऊ जणांनी त्यावर सह्या केल्या. रे, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांनी केल्या नाहीत. पण पालेकर आणि चंद्रचूड या दोघांनी, स्वतः विरुद्ध बाजूला असूनही, केल्या. मला या दोन सह्यांबद्दल फार आदर वाटतो. 'माझे मत वेगळे होते, पण बहुमत काय झाले याची ही नोंद खरी आहे' इतके म्हणायला मन मोठे लागते. त्या सारांशाची ताकद किती यावर वाद होत राहिले. दोन वर्षांनी इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्यात खन्नांना स्वतःच खुलासा करावा लागला की मूलभूत हक्क चौकटीचा भाग नाहीत असे मी म्हटले नव्हते. नोव्हेंबर १९७५ मध्ये केशवानंदचा फेरविचार करायला पुन्हा तेरा जण बसले. ज्येष्ठ वकील नानी पालखीवालांनी फेरविचाराच्या विरोधात युक्तिवाद केला, आणि दोनच दिवसांत ते पीठ बरखास्त झाले. एका माणसाच्या मतावर झुललेला तो निकाल तिथून पुढे स्थिर झाला.

याच्या आधीचा गोलकनाथ (१९६७), म्हणजे संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येत नाही असे ठरवणारा निकाल, वाचताना हीच मोजणी करा. अकरा न्यायाधीश, ६ विरुद्ध ५. सहांपैकी पाच सुब्बा राव यांच्या निकालपत्राखाली, सहावे हिदायतुल्ला स्वतंत्र. 'हा निकाल यापुढच्या दुरुस्त्यांनाच लागू, मागच्या तशाच राहतील' हे सुब्बा राव यांचे गाजलेले तत्त्व पाचांचेच होते. हिदायतुल्ला त्या वाटेने गेले नाहीत. अकरांत पाच. परीक्षेत लोक ते 'गोलकनाथने ठरवलेले तत्त्व' म्हणून लिहितात.

मार्क्स नियमाबद्दल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश बसतात, आणि पाच जण निकालावर एक झाले तरी कारणावर एक होत नाहीत असे तिथे वारंवार होते. १९७७ च्या मार्क्स खटल्यात त्यांनी सांगितले की अशा वेळी, निकालाला संमती देणाऱ्यांपैकी ज्यांचा आधार सर्वांत अरुंद आहे, त्यांचे म्हणणे न्यायालयाचे मत धरावे. डब्यात डबा बसतो तशी मते एकमेकांत बसत असतील तर हे छान चालते. मोठ्या डब्यात लहान असतोच. पण कारणे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांसारखी असली तर लहान कोणता हे ठरत नाही. २०१८ मध्ये ह्यूज खटला त्याच प्रश्नासाठी घेतला गेला, आणि न्यायालयाने मूळ मुद्दा वेगळ्या रीतीने सोडवून हा प्रश्न ठेवून दिला.

तो नियम आपल्यावर बंधनकारक नाही. आपला पाया घटनेत आहे. १४१ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केलेला कायदा सर्वांवर बंधनकारक, आणि १४५(५) प्रमाणे सुनावणीला हजर असलेल्या न्यायाधीशांच्या बहुमताशिवाय निकाल देता येत नाही, भिन्न मत मात्र देता येते. दोन्ही एकत्र वाचा. जाहीर झालेला कायदा म्हणजे बहुमताने मान्य केलेले कारण. तरी केशवानंदकडे बघा: खन्नांचा अरुंद डबा लाल सहांच्या मोठ्या डब्यात बसला, म्हणूनच निकाल टिकला. नियम त्यांचा, अनुभव आपलाही.

परीक्षेपुरते नाही, वकिलीसाठी सांगते. 'मी सहमत आहे' हे वाक्य आले की पुढचा शब्द बघा. निकालाशी सहमत की कारणांशी? त्यावर सगळे अवलंबून असते.

प्रश्न : मराठा आरक्षण ३ विरुद्ध २ अशा एका मताने गेले, म्हणजे ५० टक्क्यांची मर्यादाही एका मतावर उभी आहे, असे आमच्याकडे सभेत सांगितले गेले. हे खरे का? — वाचक, जालना

उत्तर : नाही. इतक्या लोकांच्या आयुष्याशी निगडित विषयात चुकीचा आकडा फिरतो याचे मला वाईट वाटते.

५ मे २०२१ च्या निकालात पाच न्यायाधीशांपुढे अनेक प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नाचे बहुमत वेगळे मोजायचे होते. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यासारखी असाधारण परिस्थिती नाही, ही मर्यादा घालणारा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल मोठ्या पीठाकडे पाठवायची गरज नाही, आणि राज्याचा शिक्षणात १२ व नोकरीत १३ टक्क्यांचा कायदा टिकत नाही, यावर पाचही जण एक होते. ३ विरुद्ध २ हा आकडा दुसऱ्या प्रश्नाचा आहे: १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरला का? न्या. रवींद्र भट, नागेश्वर राव आणि हेमंत गुप्ता म्हणाले, उरला नाही, न्या. अशोक भूषण आणि अब्दुल नझीर म्हणाले, राज्यांचा अधिकार गेलेला नाही. त्या तिघांचे म्हणणे संसदेने त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून बदलले. म्हणजे एका मताने ठरलेला भाग आता उरलेलाच नाही. उरला तो एकमताचा.

इंद्रा साहनीमध्येही मोजणी सोपी नाही. नऊ न्यायाधीश, ६ विरुद्ध ३. बहुमताचे म्हणून जे वाचले जाते ते न्या. जीवन रेड्डी यांचे निकालपत्र चौघांचेच. न्या. सावंत आणि न्या. पांडियन त्यांच्या बाजूने, पण स्वतंत्र. त्यातही पांडियन यांना टक्केवारीची कमाल मर्यादा मान्य नव्हती. सावंत यांनी मात्र साधारणपणे ५० च्या पुढे जाऊ नये असेच लिहिले. चार आणि एक, पाच झाले. आणि विरुद्ध मत देणाऱ्या तिघांनीही ५० ची मर्यादा मानलीच होती, म्हणजे या मुद्द्यावर नऊंत आठ.

सभेत बोलणाऱ्यांना ही मर्यादा बदलावी असे वाटत असेल, तर तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांची बाजूही आहे. पण ती एका मतावर उभी आहे असे तरुण पोरांना सांगू नये. हेही लक्षात ठेवा की २०२२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले आहे: मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठावर चालतो, मोठ्या पीठातले बहुमत कितीही काठावरचे असो. सातांच्या पीठातले ४ विरुद्ध ३ हे पाचांच्या एकमतापेक्षा वरचे.

प्रश्न : आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या अपिलात उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही. एकाने अपील मंजूर केले, दुसऱ्यांनी फेटाळले. आमचे गावाकडचे वकील म्हणतात, आता खालच्या कोर्टाचा निकाल कायम. वडील ८१ वर्षांचे आहेत, त्यांनी जेवण सोडले आहे. — शेतकरी, जिल्हा नाशिक

उत्तर : वडिलांना आधी सांगा की जमीन गेलेली नाही. मग पुढचे वाचा.

वकिलांनी सांगितले ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९८ व्या कलमात आहे: बहुमत नसेल तर खालचा हुकूमनामा कायम. पण त्याच कलमाचे तिसरे पोटकलम सांगते की उच्च न्यायालयांच्या लेटर्स पेटंटला (म्हणजे त्यांच्या स्थापनेच्या सनदेला) यामुळे बाध येत नाही. मुंबई उच्च न्यायालय १८६५ च्या लेटर्स पेटंटवर चालते. त्याचे ३६ वे कलम असे: न्यायाधीशांची मते सारखी विभागली गेली, तर त्यांनी मतभेदाचा मुद्दा नमूद करायचा, तो मुद्दा आणखी एका किंवा अधिक न्यायाधीशांनी ऐकायचा, आणि आधीचे व नंतरचे सगळे धरून जे बहुमत होईल तो निकाल.

अलीकडचे उदाहरण तुम्ही पेपरात वाचले असेल. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे ठरवणाऱ्या केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटच्या नियमाला विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिले होते. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. प्रकरण न्या. चांदूरकर यांच्याकडे गेले. मार्चमध्ये त्यांनी तात्पुरती स्थगिती नाकारली, सप्टेंबरमध्ये अंतिम मत मात्र न्या. पटेल यांच्या बाजूने दिले आणि २ विरुद्ध १ ने नियम गेला. तिसऱ्या न्यायाधीशांचा पहिल्या तारखेचा कल बघून खचून जाऊ नका, म्हणून हे सांगितले. दोघांच्या दुमतापुरते बोलायचे तर त्यातून कोणताही कायदा तयार होत नाही. सर्वोच्च न्यायालयातही तसेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये हिजाबच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांचे दुमत झाले, तेव्हा प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवले गेले आणि तोवर कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल जागेवर राहिला.

तुमच्यासाठी काम एवढेच. दोन्ही निकालपत्रांच्या प्रमाणित प्रती काढा. दोघांनी मिळून मतभेदाचा मुद्दा लिहून दिला आहे का, ते शेवटच्या पानांवर बघा. तिसऱ्या न्यायाधीशांपुढे तेवढ्याच मुद्द्यावर बोलता येते, म्हणून त्याचे शब्द महत्त्वाचे. लिहिला नसेल तर मुंबईतल्या वकिलांना तो निश्चित करून घेण्यासाठी अर्ज करायला सांगा. आणि मग पेन्सिल घेऊन बसा: कोणत्या मुद्द्यांवर दोघांचे जुळले आहे, कोणत्यावर नाही. जुळलेल्या मुद्द्यांवर पुन्हा भांडायचे नाही. समासात खुणा केलेल्या त्या प्रती मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवल्यात, तर मी वाचून कळवीन.